सहस्रकुंडाला जाताय? आधी वरच्या पाण्याची चौकशी करा



श्रावण जवळ आला की आपल्या नरसीत बचत गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, यंदा कुठं जायचं? औंढ्याचा नागनाथ तर आपल्या घरचाच. थोडं लांबचं, रानातलं, पाण्याकाठचं देवस्थान म्हटलं की सहस्रकुंडाचं नाव येतं. आज त्याचीच माहिती सांगते. सोबत एक गोष्टही सांगते, जी मला स्वतःला फार उशिरा कळली.

सहस्रकुंड नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यातल्या इस्लापूरजवळ आहे. पैनगंगेच्या या काठाला मराठवाडा, समोरच्या काठाला विदर्भातला उमरखेड तालुका. निजामाच्या काळात हैदराबाद संस्थान आणि वऱ्हाड यांची शीवही हीच नदी होती. आजूबाजूला सागाचं रान आहे आणि काठावर पंचमुखी महादेवाचं मंदिर. दर्शन घेऊन बाहेर आलं की आधी आवाज ऐकू येतो, मग पाणी दिसतं. रुंद पात्रातली नदी काळ्या कातळावर येते, तिच्या कितीतरी धारा होतात आणि त्या एकदम खाली कोसळतात.

कातळाच्या पात्रात एक गंमत घडते. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेला दगडगोटा एकाच जागी गरगर फिरतो आणि जात्यासारखा खडक घासत राहतो. वर्षानुवर्षं असं झालं की रांजणासारखा खोल खळगा पडतो. वरून पाणी संथ दिसतं, पण पाय टाकला तर तळ लागत नाही. म्हणून पोहता येणाऱ्या माणसानंही अशा ठिकाणी उतरू नये.

आता माझी गोष्ट. आम्ही बारा जणी गेलो होतो. ऊन पडलं होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आम्ही खडकावर बसून पाय पाण्यात सोडले. माझ्या जाऊबाईंची चप्पल घसरून वाहायला लागली, तशा त्या उठून तिच्यामागं चार पावलं गेल्या. तेवढ्यात काठावरचा एक गुराखी ओरडला, "मावशी, माघारी फिरा, पाणी गढूळ झालंय!" आम्ही त्यांना हात धरून ओढलं. थोड्या वेळानं आम्ही बसलो होतो तो खडक पाण्याखाली गेला होता. नव्या चपलेची किंमत दीडशे रुपये होती.

मला प्रश्न पडला, पाऊस नसताना पाणी वाढलं कसं? उत्तर सोपं आहे. नदीत आपल्यासमोर जे पाणी असतं, ते तिथं पडलेलं नसतं. पैनगंगा बुलढाण्याकडच्या अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. वाटेत तिच्यावर इसापूरचं धरण आहे. धरण भरलं की दरवाजे उघडतात आणि ते पाणी काही तासांनी खाली पोचतं. धरणाच्या खालच्या बाजूला तिला कोण मिळतं? आपली कयाधू! म्हणजे हिंगोलीकडं रात्री धो-धो पाऊस झाला, तर त्याचं पाणी पुढं सहस्रकुंडाला जातं. आभाळ तिथलं बघून उपयोग नाही, वरचं बघायचं.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दोन चौकश्या करा. हिंगोली, कळमनुरीकडं मोठा पाऊस झालाय का? इसापूरचं पाणी सोडलंय किंवा सोडणार आहेत का? बातम्यांत ते सांगतात, काठच्या गावांना इशाराही देतात. उत्तर हो असेल, तर दर्शन जरूर घ्या, पण धबधबा काठावरूनच पाहा.

तिथं असताना तीन खुणा लक्षात ठेवा. नितळ पाणी गढूळ होणं, काड्या-पाचोळा वाहत येणं आणि आवाज वाढणं. यातली एक जरी दिसली, तरी सामान न गोळा करता वर चढा. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळं गुडघाभर पाणीही माणसाला पाडतं. त्यात आपली साडी! भिजली की जड होते आणि पायाला गुंडाळते. शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी उभं राहू नका. लेकरांचा हात सोडू नका. आणि चप्पल गेली तर जाऊ द्या.

आता जाण्याचं. आपल्याकडून हिंगोली, कळमनुरी, वारंगा फाटा, हदगाव, हिमायतनगर असा रस्ता आहे. जाऊन-येऊन अख्खा दिवस लागतो, म्हणून पहाटेच निघा. एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. मात्र गाड्या बदलाव्या लागतात. परतीची शेवटची गाडी उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. दहा-बारा जणी असाल तर जीप ठरवलेली बरी. नांदेडकडच्या मैत्रिणींसाठी मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनही आहे. भाकरी, ठेचा, पिठलं आणि प्यायचं पाणी घरूनच न्या. उन्हाळ्यात धार बारीक होते, तेव्हा जायचं तर पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आसपास. अडचण आलीच तर 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक लेकरांनाही पाठ करून द्या.

कुणी म्हणेल, इतकी काळजी करायची तर जायचंच कशाला? जायचं, मैत्रिणींनो. वर्षातून एक दिवस चुलीपासून लांब बसून पाणी बघायचा हक्क आपल्याला आहेच. पण घरी परतायचंही आहे. आता आपल्या कयाधूला पूर आला की मला सहस्रकुंडाच्या खडकावर बसलेल्या बायका आठवतात. उद्या त्या जागी तुम्ही असाल, तर वरच्या पाण्याची आठवण ठेवा.