आधी राजाने घातले, मग प्रजेने

सूर्यनमस्कार घराघरांत पोहोचवण्याचं मोठं श्रेय सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानच्या राजाला जातं, हे तुम्हाला माहीत आहे का? भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951). तरुणपणी ते युजीन सँडो या जर्मन पहिलवानाच्या पद्धतीने कसरत करायचे. पुढे सूर्यनमस्कारांकडे वळले ते कायमचेच. रोज पहाटे स्वतः घालायचे, घरच्यांनाही लावले. मग संस्थानच्या शाळांमध्ये सुरू केले. राजेसाहेबच घाम गाळतायत म्हटल्यावर मास्तर आणि पोरं कुठली सबब सांगणार! (नुसता हुकूम काढला असता तर तो दप्तरातच राहिला असता, असं माझं मत.) 1938 साली त्यांचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनहून निघालं. मुलगा अप्पासाहेब पंत मोठे मुत्सद्दी झाले आणि त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं.

आता करून बघणाऱ्यांसाठी. सगळ्यात जास्त गडबड होते ती साष्टांग स्थितीत. दोन्ही पाय, दोन्ही गुडघे, दोन्ही तळहात, छाती आणि कपाळ अशी आठ अंगं जमिनीला टेकवायची, पोट मात्र वर उचललेलं हवं. बहुतेक जण तिथे सरळ पालथे झोपतात! घाईघाईत पन्नास उरकण्यापेक्षा सावकाश, श्वास सांभाळत पाच घाला. पाठीचं, गुडघ्याचं दुखणं किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हो, दार लावून घालू नका. हॉलमध्ये, पोरांच्या डोळ्यांदेखत घाला. "व्यायाम कर रे" असं सारखं बजावायची गरज बरीच कमी होईल.