शाळेतला पडदा झाकून ठेवू नका

ठिबक बसवले म्हणून केळीचा घड आपोआप भरत नाही, हे रावेर-यावलच्या बागाईतदाराला सांगायला नको. गाळणी धुवावी लागते, तुंबलेल्या नळ्या मोकळ्या कराव्या लागतात, पाणी केव्हा आणि किती सोडायचे ते पाहावे लागते. गावच्या शाळेतल्या पडद्याचे आणि संगणकाचेही तसेच आहे.

आपल्या खानदेशात ही साधने बऱ्याच ठिकाणी गावाच्या पैशातून आली. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये बँकिंग क्षेत्रात नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी धुळे जिल्ह्यात गावोगावी सभा घेतल्या. खर्चाचा ७० टक्के वाटा गावाने उचलायचा, ३० टक्के त्यांनी घालायचा, अशी रीत ठेवली. २०१६ सालाच्या सुमारास जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या आसपास शाळांत डिजिटल वर्ग उभे राहिले. गावाने वर्गणी दिली, ती मुलांसाठी. मग त्या पैशाचे पीक मुलांच्या पदरात पडते का, हे बघणेही गावाचेच काम आहे.

पडद्याचा उपयोग कसा व्हावा, ते एका धड्यावरून पाहू. आपली तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून वाहत सुरतेपुढे समुद्राला मिळते. पुस्तकातल्या नकाशात ती एक निळी रेघ असते. पडद्यावर मात्र डोंगर, धरणे, काठची शेते आणि शेवटी समुद्र, असे सारे खोरे मुलाला दिसते. पण चित्र नुसते पळत राहिले तर तो सिनेमा झाला. गुरुजींनी किंवा बाईंनी मुडावदपाशी चित्र थांबवावे, पांझरा येथे तापीला मिळते हे दाखवावे आणि विचारावे, "आपल्या नाल्याचे पाणी कुठे जाते? उन्हाळ्यात नाला का आटतो?" मूल अहिराणीत उत्तर देईल, देऊ द्यावे. मग वहीत आपल्या नाल्याचा नकाशा काढायला सांगावा. पाच मिनिटे चित्र आणि अर्धा तास बोलणे, असा तो धडा मुलाच्या डोक्यात राहतो.

आता आईबापांचे काम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा बायांच्या असतात. त्या सभेला जा आणि तीन गोष्टी विचारा. पडदा आठवड्यातून किती दिवस सुरू होतो? वीजबिल कोण भरते? यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा पैसा कुठून येणार? बिल थकून वीज तुटली की सारा वर्ग अंधारात बसतो. त्यासाठी गावाने दरसाल थोडी रक्कम बाजूला ठेवावी.

घरच्या मोबाईलचाही उपयोग करा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बालभारतीच्या पुस्तकांतही असे ठिपक्यांचे चौकोन छापलेले आहेत. मोबाईलने ते टिपले की धड्याशी जोडलेले साहित्य उघडते. धारा काढून झाल्यावर पंधरा मिनिटे लेकराजवळ बसा. मोबाईल त्याच्या एकट्याच्या हाती सोडू नका. बघून झाले की तो बंद करा आणि म्हणा, "आता तू मला सांग." आईला वाचता येत नसले तरी एवढे विचारता येते, आणि आईला समजावून सांगताना मुलाचा धडा पक्का होतो.

शाळेतल्या पडद्यावर धूळ साचली असेल, तर या आठवड्यातच गुरुजींना भेटा. अडचण विजेची, दुरुस्तीची की शिकवण्याची, ते आधी शांतपणे ऐकून घ्या आणि मगच उपाय ठरवा.