हॉकीचे वेड, कुत्रीचा लळा

(तृतीय वर्ष, कला)

माझ्याविषयी आमच्या वर्गात दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. एक, हा मुलगा क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशीही हॉकीविषयीच बोलतो. आणि दोन, याच्या प्रत्येक शर्टावर कुत्र्याचे केस असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. "अरे, पण यातून तुला मिळते तरी काय?" हा प्रश्न मला कँटीनमध्ये विचारला जातो, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर विचारला जातो, आणि घरी तर परीक्षा जवळ आली की दररोज विचारला जातो. त्याचे उत्तर चहाचा कप संपेपर्यंत देता येण्यासारखे नाही. म्हणून, मित्रहो, वार्षिकाची ही तीन-चार पाने अडविण्याची परवानगी असावी.

प्रथम हॉकीविषयी. आम्ही खडकीच्या बाजूला राहतो. पुण्याच्या इतर भागांत मुलगा चालायला लागला की त्याच्या हातात बॅट येते. आमच्याकडे अजूनही काही घरांतून कोपऱ्यात हॉकी स्टिक उभी केलेली दिसते. धनराज पिल्ले इथलेच. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, मोडक्या स्टिक बांधून खेळणारा हा मुलगा पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा खेळला, आणि १९९८ साली बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले. मुंबईची परंपरा तर त्याहून जुनी. १९४८ साली लंडनला, स्वतंत्र भारताच्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये, आपण ग्रेट ब्रिटनला त्यांच्याच घरी ४-० असे हरविले, तेव्हा संघाचे गोलरक्षक होते मुंबईचे लिओ पिंटो. तेव्हा हॉकी हा पंजाबचा आणि ओडिशाचा खेळ आहे, आपला नव्हे, असे जे म्हणतात त्यांनी हा इतिहास एकदा पाहावा.

शाळेत आम्हांला 'हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ' असे शिकविण्यात आले होते. वस्तुतः २०१२ साली माहितीच्या अधिकाराखाली विचारलेल्या प्रश्नाला क्रीडा मंत्रालयाने स्वच्छ उत्तर दिले की, कोणत्याही खेळाला तसा दर्जा देण्यात आलेला नाही. मला त्याचे दुःख झाले नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसाला कोणी प्रमाणपत्र देत नाही. १९२८ ते १९८० या काळात आठ सुवर्णपदके आणणाऱ्या खेळाला आणखी प्रमाणपत्र ते कशाला हवे? दुःख आहे ते वेगळेच. १९८० च्या मॉस्कोनंतर पुढचे ऑलिंपिक पदक मिळावयास टोकियो उजाडावे लागले. म्हणजे एकेचाळीस वर्षे! या मधल्या काळात ज्यांनी हॉकीवर प्रेम केले त्यांनी ते काहीही हाती लागत नसताना केले. अशा माणसांना लोक वेडे म्हणतात. मी त्यांना निष्ठावंत म्हणतो.

हे असे का झाले, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ सातवा आला. आपली सारी कला मातीच्या आणि गवताच्या मैदानावर घडलेली. तिथे चेंडू उड्या मारतो, अडखळतो. त्याला काबूत ठेवण्यासाठी मनगट लागते. कृत्रिम मैदानावर पाणी शिंपडलेले असते, चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. तिथे मनगटापेक्षा फुप्फुसे आणि मांड्या अधिक उपयोगी. शिवाय असे मैदान अतोनात महाग. युरोपातील मुले त्यावर लहानपणापासून खेळत होती, आणि आपल्या मुलांना त्याचे दर्शन निवड झाल्यानंतर घडत होते. पाणी नसलेल्या विहिरीत पोहणे शिकण्यातलाच हा प्रकार!

"हॉकी कळत नाही, चेंडू दिसतच नाही," अशी तक्रार अनेक जण करतात. त्यांच्यासाठी एक युक्ती सांगतो. चेंडू पाहूच नका; खेळाडूंचे पाय पाहा. स्टिकची एकच बाजू सपाट असते, आणि नियमाप्रमाणे चेंडू त्याच बाजूने मारावयाचा. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिकही नसते. त्यामुळे चेंडू डावीकडे आला की खेळाडूला स्टिक उलटी फिरवावी लागते किंवा पाय तरी वळवावे लागतात. बचाव करणारा त्याला मुद्दाम त्याच बाजूला रेटतो. एवढे एक लक्षात ठेवले तरी निम्मा खेळ उलगडतो.

उरलेला निम्मा म्हणजे पेनल्टी कॉर्नर. गोलपुढच्या अर्धवर्तुळाला सारे 'डी' म्हणतात. डीमध्ये बचाव करणाऱ्याने नियमभंग केला की बहुधा हा कॉर्नर मिळतो. गोलरक्षकासह पाचच जण गोलरेषेमागे उभे राहतात. बाकीच्यांनी मध्यरेषेपलीकडे जावयाचे. एक खेळाडू रेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो, दुसरा तो डीबाहेर थांबवितो, आणि तिसरा गोलवर मारतो. पहिलाच फटका जोराने हाणलेला असेल तर चेंडू गोलच्या फळीपेक्षा, म्हणजे सुमारे दीड फुटापेक्षा, उंच गेलेला चालत नाही. परंतु स्टिकवर ओढत नेऊन भिरकावलेल्या चेंडूला ही मर्यादा नाही. हाच तो ड्रॅग-फ्लिक. दीडशे ग्रॅमहून थोडा अधिक वजनाचा तो टणक चेंडू अंगावर येत असताना समोर धावत जाणाऱ्या पहिल्या बचावपटूकडे एकदा तरी बघा. शौर्य म्हणजे काय ते समजण्यासाठी मग वेगळा निबंध वाचावा लागणार नाही.

आता दुसरा विषय. तिचे नाव गोली.

२०२१ च्या जानेवारीत आमच्या सरावाच्या मैदानावर, पाण्याच्या टाकीमागे, एका काळ्या कुत्रीला चार पिल्ले झाली. दोन पिल्ले पार्व्होच्या साथीत गेली. रक्ताची हगवण, उलट्या, आणि दोन दिवसांत खेळ खलास. तिसरे एका काकांनी नेले. चौथे रोज गोलच्या जाळीमागे येऊन बसे आणि चेंडू आत आला की भुंके. गोलरक्षकाला मैदानावर आम्ही 'गोली'च म्हणतो, म्हणून तेच नाव ठेवले. आईने "आठ दिवस फक्त" या अटीवर तिला घरात घेतले. ते आठ दिवस अद्याप संपलेले नाहीत, आणि आता गोलीच्या ताटलीकडे सर्वांत अधिक लक्ष आईचेच असते.

गोलीची जात विचारणाऱ्यांना मी 'देशी' एवढेच सांगतो. आपल्याकडे कुत्र्याचे आणि माणसाचे नाते फार जुने आहे. खंडोबाजवळ कुत्रा आहे, दत्तात्रेयांच्या पायाशी चार आहेत, आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर आपण लहानपणीच ऐकले. असे असूनही आपण घरात पाळावयाचा कुत्रा मात्र बर्फाळ मुलुखातला, केसाळ निवडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत त्या बिचाऱ्याची धाप पाहत बसतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य पंखा. आखूड केसांचे, सडपातळ देशी कुत्रे आपल्या हवेत सुखाने राहते.

लाड म्हणजे काय, याबद्दल मात्र गैरसमज फार. पाहुणे प्रेमाने बिस्किटे आणतात, चॉकलेट आणतात. चॉकलेट कुत्र्याला विषारी आहे. द्राक्षे, बेदाणे, कांदा आणि लसूण हीही त्याच यादीतली. शिजवलेल्या कोंबडीचे हाड टोकदार तुटते आणि घशात वा आतड्यात रुतते. गोलीला भाकरी, बिनमसाल्याची अंडी, शिजवलेले चिकन, थोडा भात असे मिळते. पावसाळ्यात दर संध्याकाळी तिच्या कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधण्याचा कार्यक्रम असतो, कारण गोचिडाने येणारा ताप वरवर साधा दिसतो आणि आतून रक्त पोखरतो. रेबीजची लस दरवर्षी. यात चालढकल नाही. ती रेबीजची तारीख आमच्या घरच्या दिनदर्शिकेवर आईने लाल शाईने लिहिलेली असते. माझ्या परीक्षेची तारीख साध्या निळ्या शाईने.

आता हे दोन्ही एका घरात कसे नांदतात ते सांगतो. ५ ऑगस्ट २०२१ या दिवशी कांस्यपदकासाठी भारत-जर्मनी सामना आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी सात वाजता होता. गोलीची बाहेर जाण्याची वेळही सात! हॉकीचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत होतो. दोन भागांनंतर मध्यंतर असते, आणि ते दहा मिनिटांचे. कुत्रा पाळणाऱ्यांच्या सोयीसाठीच जणू हा नियम केला असावा. १-३ असे मागे पडलेल्या आपल्या संघाने मध्यंतराला ३-३ अशी बरोबरी केली होती. तेवढ्यात मी गोलीला घेऊन जिन्यावरून धावत खाली उतरलो. तिला त्या दिवशी प्रत्येक झाडाचा सविस्तर परिचय करून घ्यावयाचा होता. परत येतो तो चौथा गोल झालेला! तिसऱ्या भागाच्या पहिल्याच मिनिटाला झालेला तो गोल मी आजवर केवळ पुनःप्रक्षेपणातच पाहिला आहे. पुढे ५-४ अशी आघाडी असताना अखेरच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला, तो श्रीजेशने अडविला, आणि एकेचाळीस वर्षांचा उपवास सुटला.

त्या क्षणी आमच्या घरात कोणीही ओरडले नाही. याचे कारण गोली. माणसाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. आपल्या आनंदाची आरोळी तिच्या लेखी संकट असते. मी पहिल्या गोलला ओरडलो तेव्हा ती पलंगाखाली गेली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. तेव्हापासून आम्ही मुठी आवळून, दात-ओठ चावून, निःशब्द जल्लोष करतो. ४ ऑगस्ट २०२४ ची रविवारची दुपार आठवते. पॅरिसच्या उपांत्यपूर्व फेरीत सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. दहा जणांनी उरलेला सर्व सामना ग्रेट ब्रिटनला १-१ असे रोखून धरले आणि शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकले. तेव्हा वडिलांनी उशीत तोंड खुपसून आरोळी ठोकली होती! ज्याला असा आनंद साजरा करता येतो, त्याला संयम शिकविण्यासाठी वेगळी व्याख्यानमाला नको.

येथवर सारे गोड झाले. आता थोडे कडू.

गोलीची आई, काळी, मैदानावरच राहिली. मैदान मुलांचे आहे. मोकाट कुत्र्यांमुळे लहान मुलांना चावे बसतात, माणसे दगावतात, हे खरे आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून कुत्रे चावले तर जखम ताबडतोब साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, मिरची यांचे प्रयोग करू नयेत. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील मोकाट कुत्री हलवून, निर्बीजीकरण व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि त्याच जागी परत न सोडण्याचा आदेश दिला. आमच्या मैदानावर दुसऱ्याच दिवशी दोन तट पडले. काही पालक म्हणाले, "बरे झाले." ज्या मुलांनी चार वर्षे आपल्या डब्यातली पोळी काळीला घातली होती ती रडकुंडीला आली.

मी कोणत्या तटात जावे? आठ वर्षांचा मुलगा चेंडूमागे धावत टाकीमागे जातो तेव्हा माझ्याही छातीत धस्स होते. आणि काळीचे निर्बीजीकरण आम्हीच दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून करून घेतले होते. तिच्या कानाची खाच त्याची खूण. ती कोणाला चावल्याचे मैदानावर कोणालाच आठवत नाही. परंतु 'आमची कुत्री चांगली आहे' हे उत्तर दुसऱ्याच्या मुलाच्या आईला पुरत नाही, आणि पुरू नये. ज्या कुत्र्याची जबाबदारी कोणाच्याही नावावर नाही, त्याच्यावरचे प्रेम कितीही खरे असले तरी अपुरे असते. पोळी घालणे सोपे. दरवर्षी लस टोचण्यासाठी तिला रिक्षात घालून नेणे अवघड.

शेवटी मैदानाच्या माळीकाकांनी प्रश्न सोडविला. "माझ्या अंगणात बांधतो हिला. पण लशीचे पैसे तुम्ही द्यायचे, आणि सुट्टीतही द्यायचे," ते म्हणाले. आम्ही अकरा जणांनी वही केली आहे. दरमहा प्रत्येकी वीस रुपये. काळी आता अंगणात असते. सराव संपला की मुले कुंपणापाशी जाऊन तिला हाक मारतात. तिच्यासारख्या इतर कुत्र्यांचे काय, याचे उत्तर आमच्या वहीत नाही. ते नगरपालिकांच्या निर्बीजीकरणाच्या कामात आणि तुमच्या-माझ्या घरांच्या उंबरठ्यांवर आहे.

"यातून मिळते काय?" या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल असे वाटते. हॉकी आणि कुत्री या दोघींनी मला एकच गोष्ट शिकविली: ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याची हजेरी रोज भरावी लागते. पदकाच्या दिवशी हॉकीची आठवण सर्वांनाच होते, आणि गोंडस पिल्लू सर्वांनाच आवडते. जिल्हा स्पर्धेच्या रिकाम्या मैदानावर कडक उन्हात उभे राहून टाळ्या वाजविणे आणि भर पावसात पहाटे साडेपाचला साखळी घेऊन बाहेर पडणे, ही कामे मात्र थोडे लोक करतात. मित्रहो, त्या थोड्यांत या. रविवारी सकाळी आमच्या मैदानावर सामने असतात. तिकीट नाही. कठड्यावर जागा भरपूर आहे. फक्त गोल झाला तर जरा हळू ओरडा. जाळीमागे कोणीतरी बसलेले असते.