एंडोमेट्रिओसिस आणि मातृत्वाची वाट

'पाळीत पोट दुखायचेच', 'लग्न झाले की थांबेल', अशी समजूत घालून घरोघरी मुलींच्या वेदनेवर पडदा टाकला जातो. मात्र शाळा-कॉलेज बुडावे, अंथरूण धरावे लागावे, अशी वेदना स्वाभाविक नव्हे. तिच्यामागे एंडोमेट्रिओसिस हा विकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील १९ कोटी स्त्रिया व मुली या विकाराने ग्रस्त आहेत. तरीही त्याचे निदान होण्यास अनेकदा ४ ते १२ वर्षे लागतात.

या विकारात गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोश, गर्भनलिका वा ओटीपोटात वाढतात. पाळीच्या चक्राबरोबर त्यांनाही सूज येते व रक्तस्राव होतो. परंतु त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. त्यामुळे दाह होतो आणि अवयव एकमेकांना चिकटतात. बीजांडकोशात गाठी होतात, गर्भनलिका आखडतात, स्त्रीबीज व शुक्रजंतू यांची भेट अवघड होते. मात्र एंडोमेट्रिओसिस म्हणजे वंध्यत्व नव्हे. हा विकार असलेल्या अनेक स्त्रियांना नैसर्गिकरीत्या अपत्यप्राप्ती होते.

वेदनेच्या तीव्रतेवरून विकार किती पसरला आहे हे ठरत नाही. सोनोग्राफी निर्दोष आली तरी विकार नाहीच, असेही म्हणता येत नाही. काही वेळा दुर्बिणीद्वारे तपासणी करावी लागते. हार्मोनच्या गोळ्यांनी वेदना शमते, पण गर्भधारणेची शक्यता वाढत नाही. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेने काही स्त्रियांना गर्भधारणेस मदत होते. मात्र बीजांडकोशावर वारंवार शस्त्रक्रिया केल्यास स्त्रीबीजांचा साठा घटू शकतो. म्हणूनच अपत्याची इच्छा डॉक्टरांना आधीच सांगावी.

'हे उपचार ख्रिस्तसभेला मान्य आहेत का?' असा प्रश्न भाविकांच्या मनात येतो. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ सालच्या 'ह्युमाने विते' या विश्वपत्रानुसार, आजार बरा करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार, त्यामुळे गर्भधारणा थांबणार असली तरी, तो हेतू नसेल तर निषिद्ध नाही. २००८ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'डिग्नितास पर्सोने' या निवेदनाच्या १३ व्या परिच्छेदात तर एंडोमेट्रिओसिसवरील शस्त्रक्रियेचा नावानिशी उल्लेख असून ती ग्राह्य मानली आहे. कारण ती दांपत्याच्या मीलनाची जागा घेत नाही, केवळ मार्गातील अडथळा दूर करते. टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्र मात्र ख्रिस्तसभा स्वीकारीत नाही.

बायबलमधील हन्नाला अपत्य नसल्याच्या दुःखाइतकेच पनिन्नाचे टोमणेही सोसावे लागले होते. आजही सणासमारंभात 'अजून काही नाही का?' असे सहज विचारले जाते. हा प्रश्न विचारण्याचे आपण टाळू या. दोष केवळ सुनेला न देता पतीनेही तपासणी करून घ्यावी. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत या विकाराची माहिती दिली जावी, असे आम्हांस वाटते. उपचारांनंतरही अपत्यप्राप्ती झाली नाही, तरी त्या दांपत्याचा विवाह अपुरा ठरत नाही. दत्तक अपत्य वा सेवाकार्य यांतूनही त्यांचे प्रेम फलद्रूप होते.

आणि मातांनो, आपली लेक दर महिन्याला वेदनेने कळवळत असेल, तर तिला सोसायला शिकवू नका. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.