थंडीच्या दिवसांत ट्रॅक्टरचे एंजिनतेल

उसाची तोडणी आणि थंडी या दोन्ही गोष्टी कन्हेरीच्या शिवारात एकाच सुमारास येतात. भरलेली ट्रॉली वेळेवर कारखान्यात पोहोचली नाही तर तोडलेला ऊस वाळतो, वजनात घटतो आणि साखरेचा उताराही कमी होतो. म्हणून नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील ट्रॅक्टरवाल्यास ऐन पौषातही भल्या पहाटे एंजिन चालू करावे लागते. आणि एंजिनाची झीज अधिक होते ती नेमकी याच वेळी.

रात्रभर उभ्या असलेल्या एंजिनातील तेल ओघळून खाली चेंबरमध्ये साचते. एंजिन फिरू लागले की पंप ते वर ओढून बेअरिंगांपर्यंत पोहोचवितो. थंडीत काकवी जशी भांड्यातून लवकर पडत नाही, तसेच दाट तेलही लवकर वर चढत नाही. तेवढा वेळ धातूवर धातू जवळजवळ कोरडाच घासला जातो. ‘तेल जितके जाड, तितके एंजिनाला बळ’ ही समजूत अनेक शेतकऱ्यांत आढळते. ती पहाटेच्या थंडीत महागात पडते.

तेलाच्या डब्यावर एसएई १५डब्ल्यू-४० असे आकडे असतात. ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर होय. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक वाहते. नंतरचा ४० हा आकडा तापलेल्या एंजिनातील, म्हणजे १०० अंश सेल्सियसवरील, दाटपणा दर्शवितो. नुसता ४० लिहिलेल्या तेलास थंडीची कसोटी लावलेली नसते. १५डब्ल्यू तेलाची कसोटी मात्र शून्याखाली २० अंशांवर आणि २०डब्ल्यूची शून्याखाली १५ अंशांवर घेतली जाते. बारामतीकडे कडाक्याच्या थंडीत पारा १० अंशांखाली उतरतो, गोठणबिंदूच्या खाली नव्हे. तेव्हा ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेले १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० तेल येथे पुरेसे आहे. लडाखसारख्या प्रदेशात लागणारे ५डब्ल्यू तेल केवळ थंडीसाठी येथे घेणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. डब्यावर एपीआयपुढे ‘सी’ने सुरू होणारी खूण आहे ना, तेही पाहावे, ती डिझेल एंजिनाची खूण आहे. कोणती खूण हवी ते पुस्तिकेत दिलेले असते.

योग्य तेल असूनही एंजिन रेंगाळत फिरत असेल तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा सैल झालेल्या तारांचा असतो. तेल पातळ करण्यासाठी त्यात रॉकेल अथवा डिझेल मिसळू नये; त्याने वंगणाचा गुणच नाहीसा होतो. चेंबरखाली पाचट पेटविणे तर सरळ आगीला निमंत्रण आहे. एंजिन चालू होताच रेस न देता ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबावे, नंतर मिनिटभर संथ चालू द्यावे, आणि पहिले काही अंतर ट्रॉली बेताने ओढावी.

डिझेल एंजिनातील तेल लवकर काळे पडते. तेवढ्यावरून ते बिघडले असे समजू नये. ते काजळी धरून ठेवत असते. बदलाचा हिशेब तासांवर करावा. वाहतुकीच्या दिवसांत तास झपाट्याने भरतात आणि चालकही बदलत असतात. म्हणून तेल बदलल्या दिवशीचा मीटरवरील आकडा मडगार्डच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावा.