परसातल्या कोंबड्या (भाग ५) : ऊब द्या, पण दूर सरकायला जागाही ठेवा

गेल्या आठवड्यात पिल्लं कोणत्या जातीची आणि कुठून घ्यावीत ते पाहिलं. खडकी किंवा कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून वनराजा, गिरिराजाची पिल्लं आणा, नाहीतर खासगी हॅचरीतून आणा. खोक्यातून उतरलेल्या एका दिवसाच्या पिल्लाची अडचण तीच असते. अंड्यातला बलक पोटात शिल्लक असल्यामुळे दोन दिवस दाणा मिळाला नाही तरी ते तग धरतं. थंडीला मात्र त्याच्याकडे काहीच उत्तर नसतं. अंगावरची लव ऊब धरून ठेवायला अपुरी असते आणि शरीराचं तापमान स्वतः सांभाळायला त्याला आठ-दहा दिवस लागतात. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली वाढणाऱ्या पिल्लाला ही काळजी नसते. आपल्याला ती ऊब घरच्या साहित्यातून उभी करायची आहे.

पन्नास पिल्लांचा हिशोब धरू. दीड फूट उंचीचा जाड पुठ्ठा किंवा पातळ पत्रा सुमारे १३ फूट लांब घ्या आणि त्याची टोकं जोडून चार फूट व्यासाचं गोल कडं करा. चौकोनी खोकं वापरू नका. थंडी वाजली किंवा भ्यायली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. गोल कड्यात कोपराच नसतो. आत दोन-तीन इंच कोरडं भाताचं तूस पसरा. पहिले दोन दिवस त्यावर कागद अंथरला की पिल्लं तूस खात नाहीत. मात्र तो खरखरीत असावा. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि मग पिल्लू नीट उभं राहत नाही.

आता दिवे. पिल्लामागे साधारण दोन वॅट धरतात, म्हणजे पन्नास पिल्लांना १०० वॅट. तरी १०० वॅटचा एकच दिवा लावण्यापेक्षा ६० वॅटचे दोन लावावेत. मध्यरात्री एक उडाला तर दुसरा असतो. इथे एक चूक आजकाल फार होते आणि तिची किंमत पिल्लं मोजतात : घरात आहेत म्हणून एलईडी बल्ब टांगले जातात. एलईडी उजेड भरपूर देतो, ऊब जवळजवळ देत नाही. तारेचा जुना पिवळा बल्बच हवा. तो आता प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून पिल्लं आणण्याआधी शोधून ठेवा. बांबूची पसरट टोपली उलटी करून तिच्याखाली दिवे बसवले की उष्णता खाली राहते. फक्त बल्ब टोपलीला टेकू देऊ नका. टोपली तुसापासून सुमारे दीड फूट वर, मजबूत दोरीने आढ्याला बांधा. नुसत्या वायरीवर लोंबकळणारा दिवा सुटून तुसात पडला तर आगच लागेल.

दिवे पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच सुरू करा, म्हणजे जमीन आणि तूसही तापतात. वरून गरम आणि पायाखाली गार, असं पिल्लाला सोसत नाही.

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस तापमान हवं आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवायचं. थर्मामीटर जरूर ठेवा, पण शेवटचा शब्द पिल्लांचा माना. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर ऊब कमी पडते आहे, टोपली खाली घ्या. कड्याला चिकटून, चोची उघड्या टाकून, पंख सोडून बसली असतील तर उष्णता जास्त आहे, टोपली वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरून वारा शिरतो आहे, तिकडे गोणपाट लावा. कडंभर पसरून काही खाताहेत, काही निवांत लोळली आहेत, असं दिसलं की जमलं. म्हणूनच संपूर्ण कडं सारखं तापवायचं नसतं. मध्ये गरम, काठाला गार, आणि हवं तिथे जाण्याची मोकळीक पिल्लाला. ही पाहणी झोपण्यापूर्वी आणि पहाटे अवश्य करा, कारण खरी थंडी तेव्हाच पडते. विदर्भातल्या एप्रिलमध्ये दुपारी दिवा बंदच ठेवावा लागेल, डिसेंबरात नाशिककडे तिसरा दिवा जोडावा लागेल.

वीज गेली तर? कोळशाची शेगडी अनेक जण वापरतात. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद खोलीत तो पिल्लांसह माणसालाही मारतो. शेगडी ठेवायचीच असेल तर कड्याबाहेर ठेवा आणि वरचे झरोके उघडे राहू द्या. थोड्या वेळासाठी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवणं त्याहून सुरक्षित.

पिल्लं आली की आधी कोमट गूळपाणी. दोन-चार पिल्लांच्या चोची पाण्यात बुडवून दाखवा, बाकीची बघून शिकतात. पाण्याचं भांडं उथळ असावं आणि त्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्लं भिजतात आणि भिजलेलं पिल्लू लगेच गारठतं. तास-दोन तासांनी मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर. रात्री काही पिल्लांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून बघा. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे.

तूस रोज हलवा, भांड्याभोवतीचं ओलं काढून टाका. ओल्या तुसात रक्ती हगवणीचा जंतू वाढतो, आणि गुडघ्यावर बसल्यावर डोळे चुरचुरले तर समजा की पिल्लं दिवसभर तोच अमोनिया घेताहेत. मांजर आणि घूस यांच्यासाठी वरून जाळी हवीच.

कडं दर तीन-चार दिवसांनी थोडं रुंद करत जा. तिसऱ्या आठवड्यापासून दिवसा दिवा बंद करून बघा, रात्री मात्र ठेवा. अंगावर पिसं भरली आणि रात्रीही पिल्लं दिव्यापासून दूर झोपू लागली की चौथ्या-पाचव्या आठवड्यात दिवा काढता येतो. पुढच्या भागात लसीकरण पाहू. राणीखेतची पहिली मात्रा पाच ते सात दिवसांच्या वयातच द्यायची असते, म्हणून ती पिल्लांसोबतच मागवून ठेवा आणि फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवा.