नको म्हटलं की थांबायचं

मूल साधारण चार वर्षांचं झालं की आंघोळीच्या वेळी साबण त्याच्या हातात द्यावा. पाठ आपण चोळावी, केस आपण धुवावेत, पण चड्डीच्या आतली जागा त्याची त्यानं धुवावी. पाणी घेता घेता बोलणंही होतं. ही जागा तुझी. इथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही. आणि कुणी स्वतःच्या अशा जागेला हात लावायला सांगितलं, तर तू लावायचा नाहीस. तुला तिथे दुखलंखुपलं तर आईबाबा बघतील, डॉक्टर तपासतील, तेही आम्ही शेजारी असताना. दोन मिनिटांत होणारं हे बोलणं महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करायचं. त्यासाठी मुलाला समोर बसवून, गंभीर चेहरा करून काही सांगावं लागत नाही.

शाळांत आता 'गुड टच, बॅड टच'चे तक्ते दिसतात. मे २०१२मध्ये 'सत्यमेव जयते'च्या एका भागात आमिर खाननं मुलांना घेऊन हाच धडा दिला आणि तो घराघरांत पोचला. चाइल्डलाइनची 'कोमल' ही छोटी ॲनिमेशन फिल्मही अनेक शाळांत दाखवली जाते. हे व्हायलाच हवं होतं. तरी 'जो आवडत नाही तो वाईट स्पर्श' ही व्याख्या मला अपुरी वाटते. वाईट हेतूचा माणूस सुरुवातीलाच दुखवत नाही. तो गुदगुल्या करतो, मोबाइलवर गेम लावून देतो, लाडानं मांडीवर घेतो. मुलाला ते छान वाटतं, आणि पुढे नकोसं काही घडलं की ते स्वतःलाच दोष देत बसतं. म्हणून लहान मुलाला बरं-वाईट ओळखायला लावण्यापेक्षा साधा नियम द्यावा. चड्डीच्या आतल्या जागेचा नियम तसा आहे. दुसरा नियम गुपिताचा: आईबाबांना सांगायचं नाही असं गुपित कुणाशीच ठेवायचं नाही. वाढदिवसाचं सरप्राइज चालतं, कारण ते शेवटी सगळ्यांना कळतंच.

अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको, असं आपण आवर्जून सांगतो. पण धोका फक्त अनोळखी माणसांकडूनच नसतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्यात मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित जास्तच होती. त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे जण मुलाच्या ओळखीतले, भरवशाचे होते.

भरवशाच्या माणसाला नाही म्हणायला मूल कुठे शिकणार? घरातच. पण घरात काय चालतं पाहा. पाहुणे निघाले की, 'काकांना पापी दे बरं.' मूल आईच्या ओढणीमागे लपतं, अंग आखडून घेतं. मग सगळे हसतात, 'लाजतंय' म्हणतात आणि त्याला पुढे ढकलतात. मोठ्यांचं मन राखण्यासाठी आपलं अंग पुढे करायचं असतं, हे ते त्या क्षणी शिकतं. अशा वेळी आईनं पटकन म्हणावं, 'तिला आत्ता नकोय, ती टाटा करेल.' आजीआजोबांना याचं वाईट वाटू शकतं, तेव्हा त्यांच्याशी आधीच बोलून घेतलेलं बरं. कारण कळलं की बहुतेक आज्या आपल्यापेक्षा कडक पहारा देतात. गुदगुल्यांचंही तेच. मूल हसत हसत 'बस' म्हणालं, तरी हात तिथेच थांबला पाहिजे. आणि ते धाकट्या बहिणीला नको असताना दाबून धरत असेल, तर त्यालाही तिथेच थांबवायचं. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या बाललैंगिक अत्याचाराच्या घटनेची मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा मुलग्यांना शिकवण्याची गरज न्यायमूर्तींनी मुद्दाम बोलून दाखवली होती.

आणखी एक सवय सोडायला हवी. नागडं पोर पळताना दिसलं की आपण 'शेम शेम' ओरडतो. ज्या अवयवाची लाज शिकवली, त्याबद्दल ते तोंड कसं उघडणार? नाव घरगुती असलं तरी हरकत नाही, पण ते बाईंना आणि डॉक्टरांनाही कळणारं असावं.

मुलं सरळ वाक्यात क्वचितच सांगतात. 'त्या दादाकडे नाही जायचं' एवढंच म्हणतात, किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. दर वेळी त्यामागे हेच कारण असेल असं नाही, पण जवळ घेऊन विचारावं. मूल सांगू लागलं की आपला चेहरा शांत ठेवायचा, कारण आपण घाबरलो की ते गप्प होतं. 'सांगितलंस ते फार चांगलं केलंस, तुझी काहीच चूक नाही,' एवढं म्हणावं. खोदून खोदून विचारू नये, चार नातेवाइकांसमोर तेच पुन्हा वदवून घेऊ नये. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत, अंगावरचे कपडे धुवू नयेत.

तक्रारीच्या विचारानं पालकांच्या पोटात गोळा येतो. पण १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू असलेल्या पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानं मुलाला बराच आडोसा दिला आहे. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, मुलाच्या भरवशाचं माणूस जवळ असताना. नाव, शाळा, पत्ता छापायला बंदी आहे. माणूस घरातलाच निघाला की वडीलधारे 'घरातल्या घरात मिटवू' म्हणतात. कायद्याला ते मान्य नाही. गुन्हा माहीत असूनही न कळवणाऱ्याला, मग तो मामा असो की मुख्याध्यापक, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कळवायला पोलिस ठाणं आहे, आणि १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा फोन दिवसरात्र सुरू असतो. तो मूल स्वतःही लावू शकतं.